माळावरचा तरवड अंगणात आणताना

पिंपळनेरहून साक्रीकडे निघा, नाहीतर ताहराबादकडे. पांझरेच्या पाण्यावरची हिरवी शेती मागं पडून मुरमाड माळ लागला की भाद्रपद-आश्विनात रस्त्याच्या कडेला पिवळ्याधमक फुलांची झुडपं दिसायला लागतात. हा तरवड. तो कुणी लावलेला नसतो, त्याला कुणी पाणी घातलेलं नसतं, आणि वैशाखात सगळा माळ करपतो तेव्हाही त्याच्या अंगावर थोडी का होईना पानं असतात. गावात मात्र नव्या बंगल्याच्या कंपाउंडला लागून बाहेरगावच्या नर्सरीतून पैसे मोजून आणलेली झाडं मार्च संपायच्या आत माना टाकतात. अंगणात पिवळी फुलं हवीत म्हणून कुणी अलमांडा आणतं, कुणी टिकोमा, कुणी पिवळी कण्हेर. तरवड आणलेला सहसा कुणाच्या अंगणात दिसत नाही. माळावर फुकट मिळतं त्याला झाड कोण म्हणणार!

हा लेख तरवडाची बाजू घेणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पिंपळनेर, सामोडे, दहिवेल, साक्री या पट्ट्यात अंगणाला, शाळेच्या आवाराला, मळ्यातल्या घराच्या वाटेला शोभेचं पिवळं झुडूप लावायचं असेल तर पहिला मान तरवडाचा. अट एकच आहे, आणि ती पाळायला लोकांना जड जाते: त्याला बागेतल्या झाडासारखं लाडावायचं नाही.

आधी ओळख नीट करून घ्या, कारण इथंच घोटाळा होतो. पावसाळ्यात गावाकुसाला उगवणारा, कोवळा असताना भाजी करून खातात तो तरोटा किंवा टाकळा वेगळा. तो वर्षायू, म्हणजे दिवाळीनंतर वाळून जाणारा. त्याच्या पानाला पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात आणि शेंग बारीक, लांब, वाकडी. तरवड हे बहुवर्षायू लाकडी झुडूप आहे. माणसाच्या उंचीचं, जमीन बरी असली तर थोडं वरही जातं. त्याच्या एका पानावर पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या असतात, आणि पान जिथं फांदीला चिकटतं तिथं कानाच्या पाळीसारखी दोन रुंद हिरवी उपपर्णं असतात. ही पाळी दिसली की शंका ठेवू नका. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, वाळल्यावर तपकिरी होते आणि वाऱ्यावर खुळखुळते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. लिनियसने १७५३ मध्ये त्याला कॅशिया ऑरिक्युलाटा म्हटलं होतं. त्यामुळे रोपवाटिकेच्या पाटीवर दोन्हींपैकी कुठलंही नाव असलं तरी झाड तेच.

तिसरा भाऊबंद कासविंदा. त्याच्या पानाला चार-पाच जोड्या, पर्णिका टोकदार, आणि चुरगाळलं की उग्र घाण वास. हा उकिरड्यावर, पडक्या जागेत माजतो. त्याचं बी चुकूनही गोळा करू नका, आणि घराजवळ उगवला असेल तर शेंगा धरायच्या आधी उपटून टाका. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरता सरता लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत असत. तो मेंदूज्वर समजला जाई. पण त्यामागे मुलांनी खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या शेंगा आणि बिया असल्याचं डॉक्टरांच्या अभ्यासातून पुढं आलं. तेव्हा मुलं असलेल्या घरात ही ओळख शोभेपुरती नाही.

बी गोळा करणं

तरवडाची रोपं नर्सरीत सहसा मिळत नाहीत. ते बरंच आहे, कारण घरी केलेलं रोप जास्त चांगलं टिकतं. माळावरचं मोठं झाड खणून आणायचा मोह मात्र आवरा. तरवडाचं सोटमूळ मुरमात खोल घुसलेलं असतं. कुदळीने अर्धं तुटतं, आणि वरचं झाड चार दिवसांत वाळतं. बी हाच सोपा रस्ता.

शेंगा पौषापासून फाल्गुनापर्यंत पक्व होत राहतात. झाडावरच वाळलेल्या, तपकिरी शेंगा तोडा. हिरव्या तोडून घरी वाळवू नका. एकाच झाडाच्या मागं लागण्यापेक्षा आठ-दहा झाडांवरून थोड्या थोड्या घ्या, आणि त्यातही जी झाडं आटोपशीर, दाट, भरपूर फुलणारी होती ती फुलोऱ्याच्या वेळीच हेरून ठेवा. शेंग फोडून पाहिली तर बऱ्याच बियांना टाचणीएवढं भोक दिसेल. हे सोंड्यासारख्या बारीक किड्याचं काम. ते बी फेकून द्यायचं. उरलेलं चांगलं बी एक-दोन दिवस ऊन दाखवून, राखेत कालवून किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात ठेवा. आपल्याकडे हरभरा-मूग जसे राखतात तसंच.

आता महत्त्वाचं. तरवडाच्या बियाचं कवच इतकं टणक असतं की नुसतं मातीत टाकलं तर पहिल्या वर्षी शंभरातली मोजकीच उगवतात. बाकीची कधी पुढच्या पावसात, कधी त्याच्याही पुढच्या. माळावर ते झाडाच्या सोयीचं असतं, कारण एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला तरी बी शिल्लक राहतं. आपल्याला तेवढा धीर नसतो. म्हणून पाणी उकळा, भांडं चुलीवरून उतरवा, दोनेक मिनिटं थांबा आणि ते पाणी वाटीतल्या बियांवर ओता. तसंच रात्रभर राहू द्या. बी गॅसवर ठेवून उकळू मात्र नका. शिजलेलं बी उगवत नाही.

सकाळी वाटीत पाहिलं तर फरक डोळ्यांना दिसतो. काही बिया फुगून दुपटीच्या झालेल्या, साल सुटल्यासारखी, बोटाने दाबली तर मऊ. बाकीच्या होत्या तशाच, खड्यासारख्या. फुगलेल्या त्याच दिवशी लावा. न फुगलेल्यांची एक कड काचकागदावर हलकेच घासा, आतला फिका रंग दिसला की थांबा, आणि पुन्हा साध्या पाण्यात भिजत टाका. बी थोडंच असेल तर सगळंच घासून घेतलं तरी चालतं. मुलांना हे काम आवडतं.

पिशवीत की थेट जागेवर

माझं मत विचाराल तर थेट जागेवर. कुंपणाच्या कडेला, वाटेच्या दोन्ही अंगांना, पाणी द्यायला अडचण नसेल तिथं मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर एकेका जागी तीन तीन बिया टोबा. खोली बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, जास्त नको. आठवड्या-पंधरवड्यात कोंब दिसतो. पुढं महिन्याभराने जोमदार एक ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटली तर शेजारच्याचं मूळ हलतं. जागेवर उगवलेल्या झाडाचं सोटमूळ सरळ खाली जातं, आणि हीच त्याची उन्हाळ्याची शिदोरी.

पिशवी वापरायचीच असेल तर ती उभट घ्या, पसरट नको. दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग चाळलेलं शेणखत पुरे. एप्रिलच्या शेवटी बी लावलं की पाऊस पडेस्तोवर रोप वीतभर होतं, आणि तेच लावायचं वय. आणखी थांबलात तर मूळ पिशवीच्या तळाशी पोचून गोल गोल फिरतं. असं गुंडाळलेलं मूळ जमिनीत गेल्यावरही गुंडाळलेलंच राहतं. झाड दोन वर्षं बरं दिसतं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात कारण न कळता मरतं. पिशवी काढताना तळाशी वेटोळं दिसलं तर तेवढं धारदार ब्लेडने कापून टाका.

जागा निवडताना एवढंच पाहा की दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन मिळतं. आंब्याच्या, चिंचेच्या सावलीत तरवड जगेल पण फुलणार नाही; काठ्यांसारखा उंच वाढून एका बाजूला कलेल. फाटकाच्या अगदी कोपऱ्यावर, जिथून गाडी रस्त्यावर काढायची तिथंही लावू नका. दाट झुडपामागून येणारी मोटारसायकल दिसत नाही.

जमिनीचा प्रश्न पिंपळनेरात दोन टोकांचा आहे. नदीकाठची आणि पाटाखालची जमीन काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे आहेत, वर लाटीपाड्याचं धरण आहे. त्यामुळे या भागात पाणी लागलेल्या जमिनी बऱ्याच. आणि त्याच गावाच्या दुसऱ्या अंगाला कुदळ ठणकन वाजेल असा मुरूम. तरवडाला दुसरी जमीन आवडते. मुरमात फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. निघालेलाच मुरूम, थोडी पोयटा माती आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत एकत्र करून भरा. चुनखडीच्या जमिनीत इक्झोरासारखी झाडं पिवळी पडतात, तरवडाला तिचं काही वाटत नाही. बोअरचं जड पाणीही तो पचवतो.

काळ्या जमिनीत मात्र खड्डा करू नका. पावसाळ्यात तो खड्डा म्हणजे हौद होतो आणि मुळं कुजतात. तिथं वीतभर उंच वरंबा ओढा, त्यात मुरूम मिसळा आणि झाड वरंब्याच्या माथ्यावर लावा. ठिबकची नळी जवळून जात असेल तर तिचा ड्रीपर पहिल्या वर्षानंतर बंद करा. तरवड मेल्याच्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक पाण्याच्या कमतरतेच्या नसतात, पाण्याच्या मायेच्या असतात.

अंतर किती? कुंपण करायचं असेल तर दोन ते अडीच फूट. सुटं, गोलाकार झुडूप हवं असेल तर पाच-सहा फूट मोकळं सोडा. एकट्यादुकट्या तरवडापेक्षा तीन किंवा पाच झाडांचा पुंजका फुलल्यावर जास्त भरीव दिसतो.

पहिलं वर्ष, आणि त्यानंतर हात आखडता

धुळे जिल्ह्याचा बराचसा भाग वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर जगतो. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराकडे, त्याहून जास्त पडतो. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि थंडीच्या लाटेत ५-६ पर्यंत उतरतो. तरवड हे दोन्ही सोसतो, पण पहिला उन्हाळा त्याला हात द्यावा लागतो. दिवाळीनंतर दर दहा दिवसांनी, आणि मार्चपासून आठवड्याला एक बादली. पाणी बुंध्यावर नको, हातभर अंतरावरच्या आळ्यात द्या. आळ्यात गव्हाचा भुसा, कांद्याची पात, वाळका पाला असं काहीही अंथरा. वाळवी दिसली तर आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब सारा.

दुसऱ्या उन्हाळ्यात वीस-पंचवीस दिवसांनी एकदा. तिसऱ्यापासून दिलं नाही तरी चालतं. मे महिन्यात पानं विरळ होतील, झाड धुळकट, केविलवाणं दिसेल. तसं दिसू द्या. त्या वेळी कीव येऊन रोज पाइप लावलात तर पालवी भसाभस येते, आणि फुलाच्या नावाने पुढं शिमगा.

खताचंही तसंच. तरवड शेंगवर्गातला आहे, पण सेन्ना गटातल्या झाडांच्या मुळांवर भुईमुगासारख्या नत्राच्या गाठी धरत नाहीत. म्हणून काही जण उलट टोकाला जाऊन युरिया घालतात. नको. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, पाटीभर जुनं शेणखत एवढंच त्याचं जेवण. कांद्याला टाकायच्या खताची उरलेली मूठ तर अजिबात नको.

कांद्यावरून आठवलं. पिंपळनेरचं कांद्याशी नातं काही सांगायला नको. बांध स्वच्छ दिसावा म्हणून तणनाशकाचा पंप फिरवतात, आणि वाऱ्यावर उडालेला फवारा कुंपणाच्या तरवडावर बसतो. पानं वाकडीतिकडी, वळलेली, शेंडे करपलेले दिसले की रोग म्हणून औषध शोधत बसण्याआधी शेजारच्या बांधाकडे पाहा. असं झालेलं झाड मुळापासून गेलेलं नसेल तर खालून पुन्हा फुटतं. बाधलेला भाग कापा आणि वाट पाहा.

छाटणी: सगळी गंमत इथं आहे

माळावरचा तरवड शेळ्या-मेंढ्यांच्या वाटेत तुडवला जातो, सरपणाला तोडला जातो, म्हणून दाट राहतो. अंगणातला नुसता सोडला तर तीन-चार वर्षांत खालून उघडा, वरून झिपऱ्या असा होतो. त्याला फुलं येतात ती नव्या फुटीच्या शेंड्यांना. जितके शेंडे, तितके घोस. छाटणीचं गणित एवढंच.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणी नक्षत्र लागलं की सगळ्या फांद्या एक तृतीयांशाने कमी करा. धारदार सिकेटर वापरा. कोयत्याने मारलं तर फांदी चिरते. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, वाळलेल्या काड्या मुळाशी काढा. पाऊस पडला की पंधरा दिवसांत प्रत्येक कापाखालून दोन-तीन फुटवे निघतात. हे फुटवे वीतभर झाले की त्यांचे शेंडे एकदाच नखाने खुडा. हे काम जुलै संपायच्या आत झालं पाहिजे. त्यानंतर कात्री कपाटात. ऑगस्टमध्ये कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून वरून सपाट कापणारा माणूस आपल्याच हाताने कळ्या कापत असतो. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात ही कवायत हमखास पाहायला मिळते, आणि मग झाड फुलत नाही म्हणून झाडाला बोल लावतात.

ही वेळ साधली तर घटस्थापनेच्या सुमाराला झुडूप भरून येतं. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढवतात. पलीकडे तेलंगणात बतुकम्माच्या सणाला हीच फुलं ताटात रचतात, आणि २०१४ मध्ये राज्य झाल्यावर तेलंगणाने तरवडाच्या फुलाला राज्यफूल केलं. आपल्याकडे माळेसाठी फुलं हवी असतील तर सकाळी तोडा आणि ओल्या फडक्यात ठेवा. फुलदाणीत हे फूल टिकत नाही, संध्याकाळपर्यंत मान टाकतं.

पहिला बहर ओसरला की शेंगा धरायला लागतात. बियाण्यापुरत्या ठेवून बाकीच्या कोवळ्या असतानाच काढल्या तर झाडाची ताकद वाचते आणि थंडीतही मधून मधून फुलं येत राहतात. सात-आठ वर्षांनी झाड फारच लाकडी झालं तर गुडघ्याच्या उंचीवर सरळ तोडा. तरवड खोडापासून नव्याने फुटतो. ही गोष्ट आपल्या जुन्या माणसांना चांगली ठाऊक होती, कारण मोटा आणि वहाणा चामड्याच्या होत्या त्या काळात कातडी कमावायला तरवडाची साल लागे, आणि सालीसाठी झुडपं वारंवार तोडली जात. दक्षिणेत, जुन्या मद्रास इलाख्यात तर चामड्याचा अख्खा धंदा या सालीवर उभा होता. पुढं दक्षिण आफ्रिकेतून वॉटलची साल यायला लागली आणि तरवडाला कुणी विचारेनासं झालं.

फुलावरचे पाहुणे

एकदा सकाळी आठ-नऊच्या सुमाराला फुललेल्या झाडापाशी पाच मिनिटं उभे राहा. फुलात मध नसतो. मधोमध वाकडे, लांबट परागकोश असतात, आणि त्यांची तोंडं म्हणजे टोकाला बारीक भोकं. काळा भुंगा येतो, परागकोशांना मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. त्याचा नेहमीचा गुंजारव एकदम चिरका होतो. मिठाच्या डबीतून मीठ झटकावं तसे पराग त्याच्या पोटावर सांडतात. असा हादरा दिल्याशिवाय हे फूल पराग सोडत नाही. तुमच्या मळ्यात टोमॅटो-वांगी असतील तर हा पाहुणा तिथंही हेच काम करतो. कुंपणाला तरवड असणं त्या पिकांच्या पथ्यावर पडतं.

दुसरा पाहुणा लोकांना कमी आवडतो. पावसाळ्यात पानांवर हिरव्या, बारीक अळ्या दिसतात आणि आठवड्याभरात काही फांद्या सफाचट होतात. या पांढरट-हिरवट फुलपाखरांच्या अळ्या, तरवड-टाकळ्याच्या कुळावरच वाढणाऱ्या. तुमच्या कांद्या-मक्याकडे त्या वळून पाहत नाहीत. औषध मारू नका. झाड पंधरा दिवसांत पुन्हा पालवतं, आणि अळ्या खायला चिमण्या, बुलबुल येतातच. मावा किंवा पिठ्या ढेकूण शेंड्यांवर दाट झाले तरच लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

गुरं तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून उघड्या आवाराला, शाळेच्या मैदानाला तो उत्तम. चारा आटला की शेळीचा मात्र भरवसा देता येत नाही. पहिली दोन वर्षं बोरी-बाभळीच्या काट्याचं कडं करा. असंच जनावरांनी न खाल्लेलं, पाणी न मागणारं कुंपण दाट करायचं असेल तर मध्ये मध्ये अडुळसा आणि निरगुडी लावा. निरगुडीच्या जांभळट तुऱ्यांशेजारी तरवडाचा पिवळा रंग फार खुलतो. पुढच्या ओळीला गुडघाभर उंचीची पिवळी कोरांटी बसते.

तरवडाची फुलं आणि साल घरगुती औषधात वापरतात. तमिळनाडूत फुलांचा काढा पितात, श्रीलंकेतही पितात. हल्ली मधुमेहावरचा उतारा म्हणून वाळलेली फुलं विकायलाही असतात. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता असला काढा सुरू करू नये. आपण इथं झाड शोभेसाठी लावतोय, तेवढंच ठीक.

बाकीच्या पिवळ्या मंडळींविषयी

तरवडाने सगळ्यांचं समाधान होणार नाही हे मान्य. कुणाला बारा महिने फूल हवं असतं. त्यांनी टिकोमा लावावा, पिवळ्या घंटांचे झुबके येतात तो. हा मूळचा अमेरिका खंडातला, बहामाचं राष्ट्रीय फूल. आपल्या उन्हाला तो चांगला टिकतो, पण दर आठवड्याला पाणी मागतो, आणि कडाक्याच्या थंडीत त्याचे कोवळे शेंडे काळे पडतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी लावली तरी फुटते. बाहेरून आणलेलं रोप लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो गोळा तसाच काळ्या जमिनीत पुरला तर भोवतालची माती ओली आणि गोळा कोरडा असा प्रकार होतो. लावताना गोळा बोटांनी कडेकडेने मोकळा करा. टिकोम्याच्या लांब शेंगा वाळायच्या आत तोडा. त्यातलं पंखवालं बी वाऱ्यावर लांब जातं, आणि दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियात हे झाड असंच बागेतून रानात घुसून डोकेदुखी झालं आहे. गावात ठीक आहे. पण कुडाशीकडे, चरणमाळच्या अंगाला, जंगलाच्या कडेवर घर असेल तर टिकोमा नकोच.

पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती देवाला चालते म्हणून दारोदार असते. कमी पाण्यात येते, फुलतेही छान. पण तिचा चीक आणि विशेषतः बी हृदयाला घातक विष आहे. बालवाडी, अंगणवाडी, गोठा आणि पाण्याचा हौद यांच्या जवळ ती लावू नये, आणि मुलांना बिट्ट्यांनी खेळू देऊ नये. अलमांडा पिंपळनेरच्या उन्हाळ्याचा गडी नाही. रोज पाणी आणि दुपारची सावली देता येत असेल तरच.

धुळ्यात, नाशकात, सुरतेत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना तरवड कुंडीत लावता येतो का? येतो, पण गच्चीवर. गॅलरीतल्या अर्ध्या उन्हात नाही. कुंडी निदान सोळा इंची, तळाला भोकं मोठी, मातीत निम्मी रेती किंवा बारीक मुरूम. कुंडीतलं पाणी मात्र माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच. दर दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या अखेरीस झाड बाहेर काढून कडेची मुळं छाटावी लागतात, नाहीतर फुलं कमी होत जातात.

यंदा बी गोळा करायचं राहून गेलं असेल तर माघ-फाल्गुनात माळावर एखादी चक्कर मारली तरी चुकार शेंगा हाती लागतात. बी भिजवून टोबण्याची वेळ मृगापासून पुनर्वसूपर्यंत, फार तर पुष्य लागेपर्यंत. त्यानंतर उगवलेलं रोप दिवाळीपर्यंत पुरेसं मूळ धरत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात जातं. वेळ टळली तर बी राखेच्या डब्यातच राहू द्या. कवच टणक आहे, कोरड्या जागी ठेवलं तर पुढच्या मृगालाही ते उगवतं.